स्वयंपाकघर जुनं, फ्रीज नवा : तुमचे अनुभव लिहा

चौकटीबाहेरची
काल वरच्या मजल्यावर कुणाचा तरी फ्रीज चढत होता. चढत होता म्हणजे जिन्याच्या वळणावर अडकला होता आणि चार माणसं चार दिशांना "इकडे घ्या, इकडे घ्या" करत होती. शेवटी एकाने खिशातून पाना काढला, दोन्ही दारं उतरवली आणि नुसतं धड वर नेलं. मी आपलं दार लावून घेतलं, पण डोक्यात आमचा लहानपणचा फ्रीज सुरू झाला.

तो स्वयंपाकघरात कधी राहिलाच नाही. ओटा आणि भिंत यांच्यामधली जागा वडिलांनी नीट मोजली होती, फ्रीज बसलाही. पण बिजागरी भिंतीच्या बाजूला. दार जेमतेम काटकोनात उघडून भिंतीला टेकायचं आणि भाजीचा ट्रे दारातल्या कप्प्यांना अडून निम्माच बाहेर यायचा. मग फ्रीज बाहेरच्या खोलीत आला आणि माझं कॉलेज संपेपर्यंत तिथेच होता. पाहुणे सोफ्यावर, फ्रीज त्यांच्या खांद्याशी, आणि आईचं सारखं "जरा सरकता का?"

आता आमचाही जायला आलाय. रबर सैल झालंय, दाराला घाम येतो. जागा अशी: रुंदी ६८, उंची १७६, खोली ६६ सेंमी. ट्रॉल्या बदलायच्या नाहीत, फक्त फ्रीज. लिहा सगळे. रडके अनुभव चालतील, विनोदी पळतील.

मोजपट्टी
६८ कुठे मोजली? खाली, मध्ये की वर? तिन्हीकडे मोजा, सगळ्यात कमी येईल ती खरी. आमच्याकडे भिंतीपासून ६७ होती, खाली स्कर्टिंगमुळे ६५.५ आणि ओट्याच्या दगडाचं नाक पुढे आलेलं तिथे ६४. आम्ही ६५ चा घ्यायला निघालो होतो. सुताराने वाचवलं, विकणाऱ्याने नाही.

पळतेच आहे
अगदी जिव्हाळ्याचा विषय! किस्सा आहे माझ्याकडे, पण गॅसवर काहीतरी आहे. येते.

निळी खुर्ची
फ्रीजर खाली आणि फ्रीज वर असलेला बघ गं. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आम्ही घेतला. बर्फाचा कप्पा दिवसातून एखाद्या वेळी उघडतो, नेहमीच्या फ्रीजचा खालचा भाग येता-जाता. मग रोज वाकायचं कशासाठी? आणला तेव्हा त्यांनी नाक मुरडलं, "उलटा आणलास की काय?" आता भाजीचा ट्रे कमरेच्या उंचीवर आलाय तर सासूबाईच त्यांच्या बहिणीला फोनवर पटवत असतात. एकच, हे बहुतेक उंच असतात. तुझ्या १७६ मध्ये डोक्यावर हवेला जागा सोडून बसतोय का ते आधी बघ.

अर्धवट
खोलीचं सांगतो. मापाच्या पानावर तीन आकडे असू शकतात: दाराशिवाय, दारासकट, हँडलसकट. जाहिरातीत यातला कुठला टाकतील नेम नाही. आणि दार शेजारच्या ट्रॉलीच्या रेषेच्या पुढे यायलाच हवं, नाहीतर उघडणार कसं? "सगळं एका रेषेत दिसलं पाहिजे" हा हट्ट असेल तर आधीच सोडा.

शिवाय सॉकेट कुठे आहे? बरोबर फ्रीजच्या पाठीमागे असेल तर नुसता प्लगच चार-पाच सेंमी खातो. आम्ही वायरमनकडून सॉकेट बाजूला, ओट्याच्या वर घेतलं. आता बंद करायचा तर अख्खा फ्रीज ओढावा लागत नाही.

चष्मा कुठाय
आमचा नवीन फ्रीज दोन्ही बाजूंनी तापायचा. मी रात्री पाणी प्यायला उठले की हात लावून बघायचे, ह्यांना उठवायचे. तक्रार केली. माणूस आला आणि हसला. म्हणाला, काकू, जुन्याच्या पाठीला काळी जाळी होती ना, ती आता बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरते. आतली उष्णता बाहेर टाकायची जागाच ती. गरम लागायलाच हवं. फक्त बाजूला फट ठेवा म्हणाला, दाबून बसवलात तर ती उष्णता जाणार कुठे, मोटर थांबतच नाही मग.

आमच्याकडे एका अंगाला कपाट चिकटलेलं होतं. ते सरकवलं, आवाज कमी झाला.

चौकटीबाहेरची
अय्या, म्हणजे ६८ मधून दोन्हीकडचं वजा करायचं?? मी ६७ चा बघून ठेवला होता!

चष्मा कुठाय
हो गं. किती सोडायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, पुस्तिकेत चित्र असतं. घेण्याआधी मागून बघ, नंतर नाही.

रिटायर्ड मास्तर
उष्णतेचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं अवांतर. १९२० च्या दशकात घरगुती फ्रीजमध्ये गारवा आणायला अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी वायू असत. गळती झाली तर माणसं दगावत. म्हणून आइनस्टाईन आणि झिलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी हलणारा एकही भाग नसलेला फ्रीज काढला, १९३० साली त्याचं अमेरिकन पेटंटही मिळालं. तो बाजारात काही आला नाही. मग क्लोरोफ्लुरोकार्बन आले, ते विषारी नव्हते पण त्यांनी ओझोनचा थर खाल्ला, म्हणून १९८७ चा माँट्रियल करार. आता बऱ्याच फ्रीजमध्ये आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. ज्वालाग्राही आहे, पण बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये शंभर ग्रॅमसुद्धा नसतो. माझ्या पुस्तिकेत दर ८ ग्रॅमला १ घनमीटर खोली हवी असं लिहिलंय. साध्या स्वयंपाकघराला काही अडचण नाही. फक्त हवेच्या जाळ्या बुजवू नयेत आणि बर्फ सुरीने टोकरू नये, नळीला भोक पडतं.

पळतेच आहे
मास्तर, आइनस्टाईनचा बसला असता का हो ६८ मध्ये? (हलके घ्या.)

रिटायर्ड मास्तर
त्याने जागा वाकवून बसवला असता.

मोजपट्टी
मास्तर _/\_

दोन चाव्या
आमचं स्वयंपाकघर म्हणजे बोळ. फ्रीजचं दार उघडलं की समोरचा ओटा पोटाला. त्यामुळे साइड बाय साइड, म्हणजे फ्रीज आणि फ्रीजरची दारं शेजारी-शेजारी असलेला घेतला, तो ९० च्या आसपास रुंद असतो पण एकेक दार साधारण ४५ चंच, पुढे कमी जागा लागते. लोकांना वाटतं मोठ्या फ्रीजला मोठं स्वयंपाकघर हवं, तर दारापुरतं उलटंच आहे. तुमच्या ६८ मध्ये अर्थात नाही मावणार. आणि एक दुःख आहेच, फ्रीजरचा अर्धा भाग इतका चिंचोळा की रुंद डबा आडवा जात नाही, तिरका घालावा लागतो आणि मग झाकण उघडून सांडतं. गेल्या आठवड्यात... जाऊ दे.

निळी खुर्ची
नाही नाही, आता सांगाच.

दोन चाव्या
पुसून झालंय. जाऊ दे खरंच.

नवीनच
नमस्कार, मिक्सर कोणता चांगला? घरी चार माणसं आहेत.

मोजपट्टी
वेगळा धागा काढा हो, इथे फ्रीजच मावत नाहीये.

@चौकटीबाहेरची, दाराचं काम आकड्यांनी होत नाही. रद्दीचे पेपर जोडून फ्रीजच्या मापाचा चौकोन कापा आणि जागेवर अंथरा. बिजागरीच्या कोपऱ्यात सुतळीचं टोक अंगठ्याने दाबून धरा. दाराच्या रुंदीएवढी सुतळी सोडा, दुसऱ्या टोकाला खडू, आणि फिरवा. जमिनीवर कमान उमटते. ती टेबलाला, खुर्चीला, दाराच्या चौकटीला कुठे कापते ते बघा. मग कमानीच्या बाहेर उभं राहून खालचा ट्रे ओढल्यासारखं वाका. बायको मला हसत होती. मग तिने स्वतः वाकून बघितलं, पाठ टेबलाच्या कोपऱ्याला लागली, आणि टेबल त्याच दिवशी हललं.

एक भाडेकरू
माझा प्रश्न उलटा. पुढचं स्वयंपाकघर कसं असेल माहीत नाही, त्यामुळे मी ह्या घरासाठी फ्रीज घेतच नाही. साधा सिंगल डोअर, ५५ च्या आतला. ओट्याशेजारी मावला तर उत्तम, नाहीतर खिडकीखाली. घर बघायला गेलो की लोक नळाला पाणी किती येतं विचारतात, मी लिफ्टचं दार मोजतो.

आणि टेम्पोत आडवा नेला तर पोचल्यावर लगेच चालू करू नका. कंप्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं. काही तास उभा ठेवा, मग प्लग. सामान लावेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

निळी खुर्ची
बिजागरी उलट्या बाजूला लावून मिळते ना? म्हणजे तुझ्या बाबांचा प्रश्नच मिटला असता.

अर्धवट
काही मॉडेलांनाच. दारावर आकडे दाखवणारी पट्टी किंवा पाण्याचा नळ असेल तर वायर नाहीतर नळी बिजागरीतून जाते, तिथे बहुतेक नाहीच म्हणतात. होणार असेल तर फ्रीज आणून देणाऱ्यांकडूनच, पॅकिंग काढल्या काढल्या करून घ्या.

पळतेच आहे
आले. तर आमचा किस्सा. कागदावर उंची १७५, वरच्या कपाटाखाली जागा १७६.५. सगळे खूश. फ्रीज आला, आत सरकेना. बघतो तर वरच्या बिजागरीवर प्लास्टिकचं टोपण, ते धरून १७७! तो १७५ म्हणजे नुसत्या पेटीचा आकडा. आणि मावला असता तरी डोक्यावर हवेला काय राहिलं असतं? परत पाठवायचा तर भाडं आमचं. शेवटी वरच्या कपाटाचा खालचा कप्पाच काढून टाकला. त्यात ह्यांची हत्यारं असायची, ती आता कुठे आहेत विचारू नका. त्यांनाही माहीत नाही.

चष्मा कुठाय
हाहा. आमच्याकडे असं काही हरवलं की फ्रीजच्या वरच सापडतं. अजून एक विचारायचं होतं, आमच्या लेकीकडे फ्रीजवर दुपारचं ऊन येतं आणि जागा दुसरी नाहीच. काय करावं?

रिटायर्ड मास्तर
पडदा लावा. आणि फ्रीजच्या आत बाजूला पट्टी असते, तिच्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एन' म्हणजे भोवतालची हवा ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८, 'टी' ४३. तापणाऱ्या स्वयंपाकघरात 'एन' घेतलात तर आत ४ अंश राखायला तो धापा टाकेल. शोरूममध्ये वाकून ही पट्टी वाचणारा मी एकटाच असतो.

दोन चाव्या
+१. आणि शेगडीच्या शेजारीही नको.

चौकटीबाहेरची
सगळ्यांचे आभार, मोजून आले. वर ६८, मध्ये ६८, खाली स्कर्टिंगपाशी ६६.३! मोजपट्टीदादा, तुम्ही म्हणालात तस्संच. आता ६० चा बघतेय, फ्रीजर खाली. उंची १७० च्या आतला एक आहे, बिजागरीसकट विचारून घेतलं. लिटर कमी होतात, पण ठीक आहे. नाहीतरी मागच्या रांगेत काय आहे ते मला कधीच माहीत नसतं. सॉकेट पाठीमागेच आहे, त्याचं वायरमनला विचारते.

अर्धवट
छान. बसवताना पुढचे पाय किंचित वर ठेवायला सांगा, दार आपसूक मिटतं.

पळतेच आहे
ते पाय कुठल्या बाजूला फिरवायचे असतात? आमचं दार उघडंच राहतं कायम.

मोजपट्टी
आधी पाना शोधा.