‘निगेटिव्ह फीडबॅक’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या घरी मी एक छोटा व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) ॲम्प्लिफायर बांधला आहे, सुरुवातीला ईसीसी८३, शेवटी ईएल८४ हे व्हॉल्व्ह. त्यात केलेल्या सुधारणांची टिपणे मराठीत लिहिताना ‘निगेटिव्ह फीडबॅक’पाशी अडलो. मोबाइलवरच्या भाषांतराने ‘नकारात्मक अभिप्राय’ सुचवला, म्हणजे स्पीकरला गाणे आवडले नाही असाच अर्थ व्हायचा. शास्त्रीय लेखनात ‘प्रत्याभरण’ आणि ‘पुनःप्रदाय’ हे दोन्ही शब्द दिसतात. त्यांतला कोणता घ्यावा, आणि ‘निगेटिव्ह’चे काय करावे?

उत्तर : अभिप्राय माणूस देतो, येथे मत देणारा कोणी नाही. स्पीकरकडे निघालेल्या सिग्नलचा अल्प अंश मागे आणून पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला, द्यायचा, एवढीच ही क्रिया असल्यामुळे ‘पुनःप्रदाय’, म्हणजे पुन्हा देणे, हा शब्द मला नेमका वाटतो. ‘प्रत्याभरण’ चूक नाही, पण त्यातले ‘आभरण’ ऐकताच मला दागिने आठवतात. हा माझ्या कानाचा दोष समजा. तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबापाशी सुटे भाग घेताना मात्र ‘फीडबॅक’च म्हणा.

खरी अडचण ‘निगेटिव्ह’साठीच्या ‘ऋण’ या शब्दाची आहे. तुमच्या ईएल८४ला ॲनोडवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या भागावर) २५० व्होल्ट असताना सुमारे ७.३ व्होल्टचा ऋण बायस, म्हणजे ग्रिडला दिलेले स्थिर व्होल्टेज, लागतो, आणि तेथे ऋण म्हणजे कॅथोडच्या मानाने ग्रिड (सिग्नल घेणारी जाळी) खरोखरच तेवढे खाली असते. पुनःप्रदायातल्या ‘ऋण’चा अशा स्थिर व्होल्टेजशी संबंध नाही, तेथे त्याचा अर्थ वजाबाकी असा आहे. पहिल्या व्हॉल्व्हचे ग्रिड सिग्नलबरोबर वर जाते तेव्हा परत आलेला अंश कॅथोडलाही थोडा वर उचलतो, त्यामुळे दोहोंमधला फरक कमी होतो, आणि व्हॉल्व्ह वाढवतो तो नेमका हाच फरक. टोके उलट लागली की वजाबाकीची बेरीज होते. माझ्याकडे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची (स्पीकरकडच्या वेटोळ्याची) टोके अशीच उलटी लागली होती आणि स्विच दाबताच स्पीकरने अशी किंकाळी फोडली, की शेजारच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन तारांची अदलाबदल केली, आवाज थांबला, आणि ‘ऋण’चा अर्थ मला त्या दिवशी कळला.

अमेरिकन अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना ऋण पुनःप्रदायाची कल्पना १९२७ साली बेल प्रयोगशाळेत कामाला जाताना फेरीबोटीवर सुचली. टेलिफोनच्या ॲम्प्लिफायरमधले विरूपण, म्हणजे सिग्नलचा आकार बिघडणे, कमी करणे हा त्यांचा प्रश्न होता. सौदा सरळ आहे : सिग्नल १०० पटींऐवजी २५ पटच वाढू दिला, तर विरूपणही साधारण चौथ्या हिश्शावर येते. ‘ऋण’ला कर्जाचाही वास असल्यामुळे येथे काहीतरी फेडावे लागते हे वाचकाला आपोआप जाणवते, ही मराठीची जमेची बाजू.

प्रश्न : आभारी आहे. मग ‘बायस’ला ‘अभिनती’ आणि ‘हम’ला ‘गुणगुण’ लिहू का?

उत्तर : ‘अभिनती’ संख्याशास्त्रात रुळला आहे, तुमच्या टिपणात ‘बायस’च ठेवा. ‘गुणगुण’ला माझा विरोध आहे, कारण ती माणसाच्या ओठांवरची आणि हवीशी असते. ‘घूं असा आवाज’ असे लिहा आणि पुढे वारंवारता द्या : ५० हर्ट्झ असेल तर हीटरच्या (व्हॉल्व्हचा कॅथोड तापवणाऱ्या) तारांना पीळ घाला, १०० हर्ट्झ असेल तर रेक्टिफायरपुढचे (एसीचे डीसी करणाऱ्या भागानंतरचे) फिल्टर तपासा. हा भेद कोणत्याच एका शब्दात मावत नाही.

प्रश्न : टिपणातले वाक्य असे केले आहे : ‘सेकंडरीवरून पहिल्या कॅथोडला ऋण पुनःप्रदाय दिला.’

उत्तर : ‘प्रदाय दिला’ ही द्विरुक्ती झाली. ‘जोडला’ म्हणा.