कृपेने मिळालेली संपत्ती म्हणजे नक्की काय? आमच्या घरात तर अडचणीच वाढल्यात

शरणपूररोडकर
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्याकडे उपासनेत साक्षीच्या वेळेला लोक उभे राहून सांगतात प्रभूने फ्लॅट दिला, मुलाचं कॅनडाचं काम झालं, आणि मी मनापासून आमेन म्हणते. पण इकडे मिस्टरांची सातपूरची नोकरी गेलीय, हप्ते थकलेत, आणि प्रार्थना ग्रुपमधल्या एकीने सासूबाईंना तोंडावर सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडतोय, उपास वाढवा. आई आता बुधवार शुक्रवार दोन्ही धरतात, शुगर असून! बायबलमध्ये पौलाच्या इफिसकरांस पत्रात पहिल्याच अध्यायात आहे की देवाने ख्रिस्तामध्ये आपल्याला सगळे आध्यात्मिक आशीर्वाद दिलेत. दिलेत म्हणजे झालं ना देऊन? मग आमच्या वाट्याला काय आलं, आणि ते उपासाने वाढतं का?

निफाडचा_बागायतदार
ताई आधी आईंचे उपास थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, बाकी नंतर.
आता मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय वाचा, द्राक्षमळ्याचा दाखला. आमच्याकडे काढणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात, सकाळपासून कात्री चालवणारा आणि ऊन उतरल्यावर आलेला यांची मजुरी सारखी नसते, व्यवहार आहे तो. पण येशूच्या दाखल्यातला मालक दिवस संपायला तास राहिला असताना पण चौकात जातो, तिथे उभ्या असलेल्यांना मळ्यात पाठवतो, आणि संध्याकाळी सगळ्यात आधी पूर्ण दिनार, म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी, त्यांच्याच हातावर ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात, पण त्यांचा ठरलेला दिनार त्यांना मिळालेलाच असतो, कोणाचं काही कापलेलं नाही. मला त्या शेवटच्या माणसाचंच जास्त वाटतं, दिवसभर कोणी कामावर घेतलं नाही, घरी काय न्यायचं हा घोर. त्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं तरी त्याला मिळालं. आईंनी चार उपास जास्त केले म्हणून देव जास्त देणार आणि नाही केले तर हात आखडणार, असं नसतं ओ.

नाशिकरोडची_आत्या
बाळा, तोच पहिला अध्याय पुढे वाच, काय मिळालं ते तिथेच आहे. जग व्हायच्या आधी आपल्याला निवडलं, दत्तक घेऊन लेकरं केलं, ख्रिस्ताच्या रक्ताने पापांची क्षमा दिली, आणि पुढच्या वतनाचा विसार म्हणून पवित्र आत्मा दिला. यातलं काही नोकरीबरोबर जात नाही. आणि पौल हे लिहितो तेव्हा स्वतः कैदेत आहे गं! तिसऱ्या अध्यायात आधी स्वतःला बंदिवान म्हणतो आणि लगेच ख्रिस्ताच्या अगाध संपत्तीची सुवार्ता सांगायची कृपा मला मिळाली म्हणून आनंद करतो. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?
आपल्याकडचंच बघ. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा नातेवाईक तुटले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, आपल्या जलालपूरच्या, त्या पण कितीतरी वर्षं वेगळ्या राहिल्या. पैसा तर टिळकांच्या हातात कधी टिकलाच नाही, तरी त्यांचे अभंग आपण अजून गातो.

सिडको_युथ
आत्या पटतंय, पण साक्ष देणाऱ्यांना पण कमी लेखू नका, याकोबाच्या पत्रात आहेच ना प्रत्येक उत्तम दान वरून येतं, मग फ्लॅट पण आलाच की त्यात

नाशिकरोडची_आत्या
अरे कमी कोण लेखतंय, फ्लॅटसाठी आभार मानायलाच पाहिजेत. पण फ्लॅट नाही म्हणजे देव नाराज, हे जे त्या बाईने सांगितलं ते शुभवर्तमान नाही, आणि एका आजारी म्हातारीवर ते लादलं याचा मला फार राग आलाय.

शरणपूररोडकर
आत्या रडूच आलं वाचून. आईंना काल पहिला अध्याय मोठ्याने वाचून दाखवला, क्षमेच्या ओळीवर त्यांनी मला थांबवलं आणि परत वाच म्हणाल्या. शुक्रवारी जेवायला तयार झाल्यात. अजून एकच, दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, राहिलाय तीन महिन्यांचा, त्याचं काय?

निफाडचा_बागायतदार
पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय ८ आणि ९ बघा. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, नाइलाजाने नको, आणि आपल्याजवळ जे आहे त्यातून, नाही त्यातून नाही. ती वर्गणीसुद्धा यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी चालली होती. तेव्हा आत्ता मंडळीने तुमच्याकडे यायची वेळ आहे, पाळकांना हप्त्यांचं स्पष्ट सांगा, लाजू नका. मिस्टरांचं कोणतं काम होतं, मशीनवर का? पिंपळगावला पॅकहाऊसवाल्यांना माणसं लागतायत, मेसेज करा.