हवेच्या फुंकरीनं डोळ्याची ताकद कशी कळते?

शहादेकर_पाटील
नमस्कार मंडळी. शहाद्याजवळ पपईची शेती आहे माझी. मुलगा १७ वर्षांचा, बारावीला. वर्षभरात चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, त्यात तिरपा नंबर वाढतच चाललाय. गेल्या आठवड्यात नाशिकला नेलं. केराटोकोनसची सुरुवात आहे म्हणाले. एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवलं, फुस्स करून हवा आली, पोरगं दचकलं, झालं. डॉक्टर म्हणाले, पडद्याची ताकद मोजली. बाहेर रांग लागलेली, पुढं काही विचारता आलं नाही. हवा मारून ताकद कशी कळते? टोपोग्राफी आधीच केली होती, मग हे वेगळं कशाला? क्रॉसलिंकिंग करा म्हणतात. पोराच्या मायला रात्र रात्र झोप नाही.

तापीकाठची
दादा, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, अमळनेरची. आधी एक सांगते. आपण पडदा म्हणतो तो डोळ्याच्या मागचा, रेटिना. मुलाची तपासणी झाली ती पुढच्या पारदर्शक काचेची, कॉर्नियाची. मध्यभागी ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. केराटोकोनसमध्ये ती एका जागी मऊ आणि पातळ पडते आणि शंकूसारखी पुढे येते.

टोपोग्राफी म्हणजे आकाराचा नकाशा. काच आज कुठे किती फुगली ते त्यात दिसतं, ती किती मऊ आहे ते दिसत नाही. तुम्ही पपईवाले. दोन फळं एकाच रंगाची, एकाच घाटाची असली तरी अंगठा लावल्याशिवाय कुठलं नरमलंय ते कळत नाही. डोळ्याला अंगठा कसा लावणार? म्हणून हवा.

झोत लागला की काच आधी सपाट होते, मग खोलगट, परतताना पुन्हा एकदा सपाट, आणि जागेवर. सगळं सेकंदाच्या तिसाव्या हिश्शात. तेवढ्यात काचेवर निळ्या प्रकाशाची बारीक चीर टाकलेली असते आणि सेकंदाला ४,३३० चित्रं घेणारा कॅमेरा ती टिपतो. हातात सुमारे १४० चित्रं येतात. ती मी सावकाश पुढे सरकवत बघते. कमानीसारखी रेघ आडवी होते, मग मधोमध वाटी पडते आणि वाटीच्या दोन्ही काठांना दोन उंचवटे उठतात. काच मऊ असेल तर ती लवकर सपाट होते आणि वाटी खोल पडते.

यात एक मेख आहे. डोळ्याच्या आतला दाब जास्त असला तर मऊ काचही कमी दबते. म्हणून दाब आणि जाडी धरूनच हे आकडे वाचायचे, आणि तेही टोपोग्राफीशेजारी ठेवून. एकट्या आकड्यावर निर्णय नको.

चोपड्याचा_पुण्यात
मी प्रकाशशास्त्रात संशोधन करतो. ताईंनी सांगितलं त्याच्या पुढचं काम प्रयोगशाळांत चालू आहे. ओसीटी, म्हणजे प्रकाशानं डोळ्याच्या थरांची छेदचित्रं घेणारी पद्धत, १९९१ सालची. तिच्या साहाय्यानं काचेला अगदी हलका धक्का देऊन उठलेली लाट पकडतात, हालचाल मायक्रोमीटरपेक्षाही कमी असते. ताणलेल्या दोराला टिचकी मारा, लाट झरकन पळते. ढिल्या दोरात रेंगाळते. ताठ काचेतही लाट वेगानं जाते, त्या वेगावरून ताठपणा काढतात.

ब्रिल्वाँ पद्धतीत धक्काही नाही. कुठल्याही पदार्थात सूक्ष्म ध्वनिलहरी असतातच. त्यांच्यावरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता काही गिगाहर्ट्झनं सरकते, आणि तेवढ्यावरून काचेचा कुठला भाग किती ताठ आहे याचा नकाशा मिळतो. मात्र काचेत पाणी किती यानंही आकडा हलतो, म्हणून जपून वाचावा लागतो.

भुसावळची_स्नेहल
पाटीलकाका, माझं क्रॉसलिंकिंग झालंय, म्हणजे मऊ काच ताठ करायचा उपचार. रिबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) पिवळे थेंब टाकत राहतात, मग अर्धा तास अतिनील दिवा. पहिले तीन दिवस इतकं झोंबलं की खोलीत अंधार करून पडून होते. चष्मा सुटला नाही, हे आधीच मनाशी धरा. वाढ मात्र थांबली, आणि उपचार त्यासाठीच असतो. पोरगं डोळे चोळतं का?

शहादेकर_पाटील
चोळतो ना. धूळ उडायला लागली की मनगटानं खसाखसा चोळतो. आम्ही म्हणायचो, जागरण करतो म्हणून खाजतात.

तापीकाठची
ते आजपासून बंद, दादा. चोळलं की मऊ काचेवर जोर येतो. खाजेसाठी डॉक्टरांकडून थेंब लिहून घ्या. आणि पुढच्या वेळी तिन्ही चष्म्यांचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. नंबर कोणत्या महिन्यात किती वाढला ते डॉक्टरांना दिसू द्या.