हिवाळ्यात एकट्याने सराव शिबिर : आखणी तपासून हवी आहे

प्रश्न
येत्या हंगामात ऑलिम्पिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये (१५०० मीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे) व्यावसायिक गटातून उतरण्याचा माझा प्रयत्न आहे. प्रशिक्षक नेमणे सध्या परवडणारे नसल्यामुळे हिवाळ्यात उबदार ठिकाणी तीन आठवडे एकट्यानेच सराव करण्याचे ठरवले आहे. एरवी आठवड्याला १५ तास सराव होतो. तो तिथे २८ तासांवर न्यावा आणि धावणे ५० वरून ९० किलोमीटर करावे, असा बेत आहे. मी १० किलोमीटर ३२ मिनिटांत धावतो. पोहताना ४०० मीटरला ५:२० आणि २०० मीटरला २:३४ लागतात. यात काय चुकते आहे?

पहिले उत्तर
धावण्याचा आकडा आधी खोडून टाका. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडे आणि स्नायुबंध मात्र महिने घेतात. अशाच एका शिबिरात नडगीवर अंगठ्याएवढ्या जागी दुखत असताना मी चार दिवस रेटून धावलो आणि पुढचे सहा आठवडे धावणे बंद ठेवावे लागले. ५५ किलोमीटर पुरे. वाढीव तास सायकलला द्या, कारण तिथे पाय जमिनीवर आपटत नाहीत.

दुसरे उत्तर
खरी अडचण पाण्यात आहे. तुमच्या दोन वेळांतला फरक १६६ सेकंद. त्याच्या निम्मे, म्हणजे १०० मीटरला १:२३, हा तुमचा साधारण उंबरठा वेग, म्हणजे न थकता बराच वेळ टिकवता येणारा सर्वाधिक वेग झाला. या वेगाने १५०० मीटरला पावणेएकवीस मिनिटे लागतात, तर आघाडीचे पुरुष १८ मिनिटांच्या आसपास पाण्याबाहेर येतात. या अंतराच्या व्यावसायिक शर्यतीत सायकलवर दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्याची मुभा असते. त्यामुळे पोहण्यात घोळका सुटला की पुढचे ४० किलोमीटर एकट्याने वारा कापायचा, आणि आघाडीच्या स्पर्धकाने पूर्ण एक फेरी पुढे जाऊन मागून गाठले तर शर्यतीतूनच बाहेर. मग ३२ मिनिटांचे धावणे दाखवणार कधी?

म्हणून निसर्गरम्य घाटापेक्षा जलतरण तलावाजवळची खोली शोधा आणि आठवड्यातून सहा दिवस पोहा. १०० मीटरचे २० तुकडे, मध्ये दहा सेकंद विश्रांती, एवढा साधा सेटही पुरतो. फक्त २५ मीटरला किती हात पडतात ते मोजत राहा. सतराचे एकवीस झाले, की पाण्याखाली कोपर खाली पडू लागले आहे असे समजा आणि सेट तिथेच थांबवा, कारण त्यापुढे चुकीचीच सवय घट्ट होते.

तिसरे उत्तर
दोन तासांहून लांब सायकलिंग असेल तेव्हा ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके घ्या. ६०च्या वर जायचे असल्यास ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज हवे, कारण एकट्या ग्लुकोजचे शोषण आतड्यात मर्यादित असते. एकट्याच्या शिबिरात ‘आज थांब’ म्हणणारे कोणी नसते, ही माझ्या मते सर्वांत मोठी उणीव आहे. मी निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवतो, की सकाळची नाडी सलग दोन दिवस नेहमीपेक्षा आठ ठोक्यांनी जास्त भरली तर तिसरा दिवस सुट्टीचा. तो कागद सायकलच्या हँडलला बांधलेला असतो, म्हणजे वाद घालायला जागा राहत नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आता २१ तास, ५५ किलोमीटर धावणे आणि सहा दिवस पोहणे असे ठरवतो. सायकलची वीस मिनिटांची चाचणी पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी द्यावी का?

पहिले उत्तर
नको, घरीच द्या. प्रवासाच्या थकव्यात आकडा खाली येतो आणि मग त्यावर बेतलेले तिन्ही आठवडे चुकतात. त्या वीस मिनिटांत पायडलवर लावलेल्या सरासरी ताकदीचे (वॉटमध्ये) ९५ टक्के हा सायकलचा उंबरठा धरा आणि सराव त्यावर बेता.