मदत हवी आहे: केमो चालू असताना मामीच्या बँडचे आकडे कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात राहते, मामा-मामी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मामीचं डाव्या बाजूचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठीही काढल्यात. आता बेळगावला दर २१ दिवसांनी केमो आहे. सध्या डॉक्सोरुबिसिन, म्हणजे सगळे ज्याला लाल औषध म्हणतात ते.

अडचण अशी की डॉक्टरांनी विचारलं की मामीचं उत्तर ठरलेलं, "बरं हाय की." घरी दुपारभर पडून असते. मामाही डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाहीत. म्हणून भावाने तिला पावलं आणि नाडी मोजणारा बँड दिला. गावात रेंज यथातथाच, पण नोंदी ब्लूटूथने मामांच्या फोनवर साठतात, मी गेले की बघते.

आधीच्या फेऱ्यांत केमोनंतर चार-पाच दिवस पावलं १०००च्या खाली जायची आणि दुसऱ्या आठवड्यात ३०००च्या पुढे यायची. या वेळी दुसरा आठवडा संपत आला तरी १५००च्या वर नाहीत. पडून असतानाची नाडी ७५च्या आसपास असायची, ती आता ९०च्या पुढे. हे कळवायचं की पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं? त्यात भाकऱ्या थापल्या की बसल्या जागी पावलं वाढतात! शेजारचा पोरगा म्हणतो रोज १०,००० झालीच पाहिजेत, आणि ही बाई ते मनावर घेते. सलाईन उजव्या हाताला लागते म्हणून बँड डाव्या हातात आहे, चालेल ना?

प्रतिसाद: डेकेअर_सिस्टर

ताई, आधी बँड डाव्या हातातून काढा. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात सुजण्याचा धोका असतो, तिथे घट्ट काही नको. उजव्यात सैलसर बांधा, सलाईनच्या दिवशी काढून ठेवा.

आणि थांबू नका, आजच वॉर्डात फोन करा. पावलं खाली आणि नाडी वर, असं रक्त कमी झाल्याने होतं, पोटात पाणी कमी गेल्याने होतं, जंतुसंसर्गातही होतं. लाल औषध हृदयावरही परिणाम करू शकतं, इको (हृदयाची सोनोग्राफी) त्यासाठीच करतात. यातलं कोणतं, ते बँड सांगणार नाही. दम लागतो का, पाय सुजलेत का, विचारा. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर मध्यरात्र असली तरी निघायचं, तापाची गोळी देऊन घरी बघत बसायचं नाही. ताप साध्या थर्मामीटरनेच मोजा.

१०,००० विसरा. तो आकडा १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला, केमोतल्या माणसासाठी नव्हे. मामीची तुलना फक्त मामीशीच: मागच्या फेरीचा दहावा दिवस आणि या फेरीचा दहावा दिवस. अमेरिकेत केमो आणि रेडिएशन एकत्र घेणाऱ्यांची पावलं मोजली, तेव्हा ज्यांची पावलं कमी त्यांना लवकरच ॲडमिट करावं लागण्याचा धोका जास्त दिसला. भाकरीच्या वेळची पावलं सोडून द्या. उलट कळशी धरून चालली तर हात हलत नाही आणि बँड कमी मोजतो, तेव्हा एकेका दिवसाचं फार मनावर घेऊ नका.

डॉक्टरांना खरं हवं असतं ते हे: जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात जातो का? पुढची केमो द्यायची का, किती द्यायची, हे ठरवताना तेही बघतात. ते तुम्हीच सांगा, मामी सांगणार नाही.

प्रतिसाद: मलप्रभाकाठचा

डॉक्टरांना मोबाईल दाखवत बसू नका, बाहेर रांग असते. आम्ही अण्णांच्या फाईलला वरच वहीचा कागद लावायचो: तारीख, पावलं, नाडी, जेवण किती गेलं. डॉक्टर कानडी, आम्ही मराठी, काही अडलं नाही.

धागाकर्ती

फोन केला. उद्या सकाळीच रक्त तपासायला बोलावलंय. बँड उजव्या हातात गेला. एक राहिलं: मामी रात्री बँड काढून देवघरात ठेवते, झोपेचे आकडे मिळत नाहीत. सक्ती करू का?

डेकेअर_सिस्टर

अजिबात नको. ते आकडे तसेही ढोबळच, झोपेचं मामांना विचारा. सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच पाच मिनिटं घातला तरी नाडी मिळते. आणि उद्याचं हिमोग्लोबिन त्याच कागदावर लिहून घ्या.