छोट्या शिडाच्या बोटीवर लेड-ॲसिड बॅटरी आता नकोच. पटतंय का?

होटगीकर

सोलापूरला समुद्र नाही, पण शिडाच्या बोटीचं वेड असलेले आम्ही तिघं इथलेच. आमची 27 फुटी जुनी बोट रत्नागिरीत आहे. दिवाळीनंतर रत्नागिरी ते मालवण आणि जमलं तर पुढे गोवा असा बेत आहे. रात्री विजयदुर्ग, देवगड अशा बंदरांत नांगर टाकायचा. वीज सगळी सूर्याकडून घ्यायची, इंजिन फक्त वारा पडला की. सामान इथूनच घेऊन जायचंय आणि आमच्यात रोज भांडण होतंय ते बॅटरीवरून.

आधी खर्च बघा. 12 व्होल्टवर दिवसाला छोटा कॉम्प्रेसर फ्रिज कोकणच्या उकाड्यात 50 अँपिअर-तास खाणार. नकाशा दाखवणारा चार्ट प्लॉटर, व्हीएचएफ रेडिओ आणि आसपासची जहाजं दाखवणारा एआयएस मिळून 16. सुकाणू आपोआप धरणारा ऑटोपायलट सहा तास चालला तर 12, फोन-लॅपटॉप 10, दोन पंखे 5, नांगरावर रात्रभर लागणारा एलईडी दिवा 3. एकूण 96, म्हणजे जवळपास सव्वा युनिट.

लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते. म्हणजे 100 वापरायचे तर 200 ची बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा संच, घ्या, आणि ती साठेक किलो भरते. लिथियम आयर्न फॉस्फेट 80-90 टक्के रिकामी केली तरी चालते, त्यामुळे 120 ची एक पुरते, वजन 13-14 किलो. उरलेल्या वजनात वीस लिटरचे दोन कॅन पिण्याचं पाणी जास्त नेता येतं.

पण माझा खरा मुद्दा वजनाचा नाही. लेड-ॲसिडचा शेवटचा 15-20 टक्के भाग भरायला कित्येक तास लागतात. तिथवर येईपर्यंत ऊन उतरतं. रोज थोडी अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता जाते. लिथियमला अर्धवट राहिल्याचा त्रास नाही, आणि ऊन असेल तेवढं ती शेवटापर्यंत घेते. सौरऊर्जेवर चालणाऱ्या बोटीला तीच योग्य, असं माझं ठाम मत आहे.

बॅटरीवाले काका

होटगीकर, हिशोब बरोबर मांडलात. निष्कर्ष मला मान्य नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपासून मंगळवेढ्याच्या द्राक्षबागांपर्यंत मी बॅटऱ्या बसवत आलोय, दोन्ही प्रकारच्या. लेड-ॲसिड मरायच्या आधी सांगते. दिवा मंद होतो, पंखा हळू फिरतो, तुम्ही सावध होता. लिथियमच्या आत बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बसलेला असतो. एखादा सेल मर्यादेबाहेर गेला, की तो एका क्षणात सगळं तोडतो. घरात असं झालं तर मेणबत्ती लावाल. रात्री विजयदुर्गच्या तोंडाशी प्लॉटर, दिवे आणि व्हीएचएफ एकदम गेले तर काय लावाल?

त्याच क्षणी इंजिन चालू असेल, तर त्यावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरला करंट द्यायला जागाच उरत नाही. व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जळतात. शिवाय छोट्या इंजिनचा अल्टरनेटर लिथियमची भूक भागवताना इतका तापतो की हात लावता येत नाही.

आणि पॅक आणणार कुठून? बाजारात लिथियम म्हणून बरंच काही मिळतं. ई-रिक्षाचे पॅक 48 नि 60 व्होल्टचे, ते तुमच्या कामाचे नाहीत. 12 चा म्हणून जो देतील त्यात बीएमएस कोणता आणि सेल नवे की काढलेले, हे उघडल्याशिवाय कळत नाही. मालवणात बिघडला तर दुरुस्त कोण करणार? त्यापेक्षा सीलबंद एजीएम, म्हणजे ॲसिड न सांडणारी लेड-ॲसिडच, 100 च्या दोन घ्या. कुठल्याही तालुक्याच्या गावी बदलून मिळेल, जुनीचे भंगारात पैसेही येतील.

साखरपेठ

काका, आमच्या घरी इन्व्हर्टरची 150 ची ट्युब्युलर बॅटरी पडून आहे. तीच नेली तर? पैसे वाचतील.

बॅटरीवाले काका

अजिबात नको. ती जमिनीवर सरळ उभी राहण्यासाठी बनवलेली आहे. बोट 20-25 अंश कलून तासन् तास चालते, ॲसिड झाकणातून बाहेर येईल. खारं पाणी आत शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तो बंद केबिनमध्ये जीव घेऊ शकतो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो तो वेगळाच. घरातली घरातच राहू द्या.

मतलई

माझं माहेर सोलापूर, सासर रत्नागिरी, घरात मासेमारीचा धंदा. दोघेही बॅटरीवर भांडताय, पण तुमच्या 96 मधले 50 एकट्या फ्रिजचे आहेत, त्यावर कोणीच बोललं नाही.

मिरकरवाड्यात बर्फ मिळतो. देवगडला, मालवणलाही मिळतो. मच्छीमार जिथे आहे तिथे बर्फ आहेच, त्याशिवाय त्याचा धंदा चालत नाही. जाड थर्माकोलची पेटी घ्या, झाकणाला रबर लावा, वितळलेलं पाणी रोज काढून टाका. तुमचा टप्पा एक-दोन दिवसांचा आहे, तेवढा बर्फ आरामात टिकतो. फ्रिज गेला की खर्च 46 वर येतो. मग काकांची एकच 100 ची एजीएमही पुरते आणि तुमची लिथियमही छोटी होते.

ऑटोपायलटचंही तेच. गोल्डन ग्लोब शर्यतीत इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलट चालत नाही, वाऱ्यावर चालणारं सुकाणू, म्हणजे विंडवेन वापरावं लागतं. भारतीय खलाशी अभिलाष टॉमी 2023 मध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले, जगाची फेरी मारून. तुम्हाला मालवणला जायचंय.

होटगीकर

ताई, बर्फाचं पटलं. आमच्यातल्या एकाला इन्सुलिन लागतं, म्हणून छोटा फ्रिज राहणारच, पण तो आता दहा-बारा लिटरचा घेऊ आणि मासे-भाजी बर्फात ठेवू. खर्च 65-70 वर येईल.

विंडवेनचं मात्र नाही पटत. तुमच्याच किनाऱ्यावर सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, पडली की समुद्रावरचा खारा वारा सुटेपर्यंत दोन-तीन तास पाणी आरशासारखं असतं. तेव्हा इंजिन लावावं लागतं आणि वारा नसताना विंडवेनला दिशा कळत नाही. महासागरात आठवडेच्या आठवडे एकाच दिशेने वारा असतो, तिथे तिला तोड नाही. आमच्या प्रवासात ऑटोपायलटच लागेल.

सौरपंप

बॅटरीवर वीस प्रतिसाद येतील, पॅनलवर दोन. खरी गोम पॅनलमध्येच आहे.

पॅनलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात, सेलचं तापमान 25 अंश धरून. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतावरच्या पॅनलची काच सहज 65 च्या पुढे जाते. दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट धरली तरी 14 टक्के तिथेच गेले. समुद्रावर वारा असतो, त्यामुळे खालून हवा खेळली तर घट कमी होते. म्हणून वाकणारे पातळ पॅनल डेकला चिकटवू नका. खालून हवा नाही, वरून पाय पडतात, काही हंगामांतच थर सुटायला लागतात. काचेचे, ॲल्युमिनियमच्या चौकटीतले घ्या आणि बोटीच्या मागे कमानीवर, डोक्याच्या वर बसवा. तारा मात्र कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं पडतं.

आता सावली. रत्नागिरीहून दक्षिणेला जाताना दुपारी वारा वायव्येचा, म्हणजे मागून उजवीकडून. शीड आणि बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डावीकडे बाहेर. हिवाळ्यात दुपारनंतर सूर्य नैर्ऋत्येला, म्हणजे समोरून उजवीकडे. शिडाची सावली थेट बोटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर पडणार. तिथला पॅनल दुपारभर जवळपास मेलेला. दोन्ही पॅनल सिरीजमध्ये जोडून एकच कंट्रोलर लावला, तर सावलीतला उन्हातल्यालाही ओढतो. म्हणून दोन पॅनल, दोन वेगळे एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे कंट्रोलर. येताना उत्तरेकडे तोंड असेल, सूर्य मागे, तेव्हा दोन्ही उन्हात राहतील.

ऊन नीट असेल तर 100 वॅटमागे दिवसाला 350 ते 400 वॅट-तास धरा. 70 अँपिअर-तासांना 900 वॅट-तास लागतात. सावलीची भरपाई धरून 175 चे दोन.

टेंभुर्णी

मी उजनीत छोटी बोट चालवतो. 175 चे दोन पॅनल मागे कमानीवर डोक्याच्या वर चढवायचं म्हणताय, ते मला पटत नाही. पॅनल, कमान, नट-बोल्ट मिळून तीस-चाळीस किलो उंचावर, आणि वाऱ्याला दोन चौरस मीटरचा पत्रा. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्या संध्याकाळी वारा किती अचानक आला, हे धरणाकाठच्या प्रत्येकाला आठवतंय. तुमच्या बोटीला खाली जड कील, म्हणजे तळाखालचं वजनदार पातं, आहे, ती प्रवासी बोट वेगळी होती, कबूल. तरी 27 फुटात उंचावरचं वजन मला नको वाटतं. 100 चे दोन, रेलिंगला बिजागरीवर लावा. वारा आला की खाली पाडून बांधता येतात. सौरपंप म्हणतात तेवढी वीज मिळणार नाही, मग वापर कमी करा.

सौरपंप

वजनाचं तुमचं ऐकतो. पण रेलिंगवरचा पॅनल बोट कलली की पाण्याकडे बघतो किंवा आकाशाकडे पाठ करतो. उत्पादन कुठल्या कुठे जातं. कमान हवी, ती ठेंगणी ठेवा, माणसाच्या छातीएवढी. बाकी 350 वॅटवर मी ठाम आहे.

होटगीकर

काका, तुमच्या दोन्ही भीती खऱ्या आहेत, पण त्यांना उपाय आहे आणि त्यासाठी लिथियम सोडायची गरज नाही.

इंजिनला वेगळी, साधी लेड-ॲसिड बॅटरी. अल्टरनेटर तिलाच जोडलेला. तिथून डीसी-टू-डीसी चार्जरने, 20 अँपिअरची मर्यादा घालून, लिथियमला वीज. बीएमएसने तोडलं तरी अल्टरनेटरसमोर लेड-ॲसिड उभीच आहे, आणि तापण्याचा प्रश्नही मिटला. व्हीएचएफ आणि कंपासचा दिवा एका स्विचने इंजिनच्या बॅटरीवर घेता येईल अशी जोडणी करतोय. अंधार झाला तरी रेडिओ जाणार नाही.

शिवाय लिथियम मंद होत नाही हे खरं, म्हणून शंट लावलेला, आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मॉनिटर लागतोच. 30 ते 80 टक्क्यांत तिचं व्होल्टेज 13.2-13.3 ला चिकटून असतं, नुसत्या व्होल्टमीटरवर काही कळत नाही.

पावसाळ्याचंही बोलतो. जून ते सप्टेंबर बोट किनाऱ्यावर झाकलेली. एजीएम तिथेच सोडली तर दमट उकाड्यात हळूहळू उतरत जाणार, आणि उतरलेली पडून राहिली की संपली. 13 किलोची बॅटरी मी निम्मी भरून, सुटी करून गाडीत टाकून सोलापूरला आणतो. साठ किलो कोण आणणार?

बॅटरीवाले काका

वेगळी इंजिन बॅटरी आणि मधला चार्जर, हे ठरवलंत तर माझी अर्धी हरकत गेली. उरलेली अर्धी आहेच. आता तुमच्याकडे दोन प्रकारच्या बॅटऱ्या, दोन एमपीपीटी, एक डीसी चार्जर, एक मॉनिटर. खाऱ्या हवेत जोड जितके जास्त तितकं बिघडायला जास्त. दोन एजीएम, एक कंट्रोलर, संपलं. मी माझ्या मुलाला बोट दिली असती तर हेच दिलं असतं.

पण लिथियमच घेणार असाल तर फ्यूजवर पैसे वाचवू नका. शॉर्ट झाला तर ती हजारो अँपिअर ओतते. गाडीचा साधा फ्यूज वितळूनही आत ठिणगी चालूच ठेवतो. टी-क्लास फ्यूज घ्या, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत. आणि पॅक विकत घ्यायच्या आधी दुकानात आणा. भरून, पूर्ण उतरवून मोजू, 120 लिहिलंय तिथे 120 निघतात का ते.

मतलई

काका, ती मोजणी फार महत्त्वाची. होटगीकर, तेवढी करूनच निघा. आणि पेटीला झाकणाचं रबर सोलापुरातूनच आणा, इथे हवं तसं मिळत नाही.

होटगीकर

काका, येत्या रविवारी पॅक घेऊन येतो. 120 निघाले नाहीत तर परत करेन, दुसरा आणेन, पण लिथियमच. टेंभुर्णी, कमानीची उंची अजून ठरलेली नाही. उजनीवर तुमच्या बोटीला रेलिंगचे पॅनल कसे लावलेत, बिजागरीचा जवळून एक फोटो टाकाल का?