कोड मशीन लिहिणार असेल, तर प्रोग्रामिंगच्या भाषा उरतील का?

रानपाखरू:
"काय हवं ते साध्या भाषेत सांगा, कोड तयार होईल, भाषा शिकायची गरज संपली" असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मला अजिबात पटत नाही. उलट यापुढे भाषा आणखी कडक होतील, म्हणजे चुका प्रोग्राम चालण्याआधीच अडवतील. पायथनमध्ये २०१५ साली टाइप हिंट (कुठे आकडा, कुठे मजकूर अशी डेटाच्या प्रकाराची नोंद) आले, जावास्क्रिप्टवाले मोठ्या संख्येने टाइप तपासणाऱ्या टाइपस्क्रिप्टकडे वळले, डिसेंबर २०२२ च्या लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ६.१ मध्ये सी भाषेच्या जोडीला रस्ट ही कडक भाषा आली. कोड लिहिणं स्वस्त झालं की तपासणं महाग पडतं. ते ओझं जमेल तेवढं कंपायलरवर, म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामवर टाकावं.

कडूनिंब:
तीव्र असहमत. १९५७ मध्ये फोरट्रान आली तेव्हाही कंपायलरला हाताने लिहिलेल्या असेंब्लीची (मशीनच्या सूचनांच्या अगदी जवळची भाषा) सर येणार नाही असंच अनेकांना वाटत होतं. आज असेंब्ली किती जण उघडून बघतात? पायथन-जावाचंही तेच होणार.

रानपाखरू:
ती तुलना इथे लागू पडत नाही. फोरट्रानच्या ओळीचा अर्थ ठरलेला असतो, आपल्या वाक्याचा नसतो. "रिकामं नाव स्वीकारू नकोस" असं सांगितलं, तर नुसत्या स्पेस असलेलं नाव रिकामं धरायचं का? मशीन एका फाइलमध्ये ट्रिम करून (कडेच्या स्पेस काढून) तपासतं, दुसरीत ट्रिम न करताच. टेस्ट दोन्हीकडे पास, आणि डेटाबेसमध्ये दोन तऱ्हेच्या नोंदी.

तिसरी घंटा:
पण कडक भाषेने हे कुठे सुटतं? नुसत्या स्पेसची स्ट्रिंगही (अक्षरांची माळ) स्ट्रिंगच. रस्टचा कंपायलरसुद्धा गप्प बसेल.

रानपाखरू:
स्ट्रिंग वापरली तर बसेल. 'नाव' हा वेगळा टाइप करा आणि तो ट्रिम करून तपासणाऱ्या एकाच फंक्शनमधून बनू द्या. मग कुठेही साधी स्ट्रिंग दिली की कंपाइलच होणार नाही. नियम माणसाने एकदा ठरवायचा, राखायचा कंपायलरने.

तिसरी घंटा:
आणि तो टाइप नीट लिहिलाय हे कोण बघणार? तीन हजार ओळींची पुल रिक्वेस्ट (बदल मंजूर करण्याची विनंती) आली की लोक वरवर चाळून अप्रूव्ह करतात. फाइलींमधला फरक दाखवणारं युनिक्सचं डिफ १९७४ चं, आणि आपण अजून तशाच बदललेल्या ओळी वाचतोय, फक्त लाल-हिरव्या रंगात! प्रोग्रामचं वागणं नेमकं कुठे बदललं हे दाखवणारं साधन आधी हवं. भाषेचं नंतर बघू.

कडूनिंब:
टेस्ट आणि फंक्शनच्या सिग्नेचर (काय घेतं, काय देतं ते सांगणारी ओळ) वाचा की. आतला कोड कशाला?

रानपाखरू:
प्रॉडक्शन (लोक वापरत असलेली सिस्टिम) पडल्यावर स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठे झाली याचा माग, आतल्याच ओळीचा नंबर देतो. ती ओळ तेव्हा कुणाला तरी समजावी लागते.